पहिला तास दवाखान्यातच हरवतोय: आरोग्यमंत्र्यांना एका निवृत्त नर्सबाईचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातल्या सरकारी व खाजगी प्रसूतिगृहांचे सर्व प्रमुख

विषय: जन्मल्यानंतर तासाभरात बाळाला आईचं दूध मिळण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी पाटण तालुक्यात ३२ वर्षं आरोग्य सेविका होते. उपकेंद्र, वाड्या-वस्त्या, लसीकरण, बाळंतपणं यात नोकरी गेली. लोक नर्सबाई म्हणायचे, अजूनही म्हणतात. गेल्या आठवड्यात मला स्तनपान सप्ताहाचं निमंत्रण आलं. १ ते ७ ऑगस्ट, रांगोळी स्पर्धा, सुदृढ बालक स्पर्धा, पोस्टर प्रदर्शन, आणि शेवटच्या दिवशी "बाईंनी दोन शब्द बोलावेत". बोलावणारी मुलं चांगली आहेत, माझ्या हाताखाली शिकलेली आहेत. तरी मी नाही म्हणून कळवलं. यंदा व्यासपीठावर उभं राहून आयांना "पाजा गं बायांनो" असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. आया पाजायला तयार आहेत. त्यांच्या हातात बाळच वेळेवर मिळत नाही. हे आयांना सांगून काय उपयोग? म्हणून आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या भागात बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची. सुईण यायची. पहिला चीक पिळून चुलीच्या राखेत टाकायची, कारण तो जड असतो, बाळाला बाधतो अशी समजूत. मग तीन दिवस गुळाचं पाणी, मध, शेळीचं दूध, आणि तिसऱ्या दिवशी दूध उतरलं की बाळ अंगावर. मी नवखी होते, पुस्तकातलं बोलायचे, कुणी ऐकायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्या सुईणीला मी गोठ्यात घेऊन गेले. म्हैस नुकतीच व्यायली होती. म्हटलं, "आजी, रेडकाला पहिला चीक पाजला नाही तर काय होतं?" ती म्हणाली, "जगत न्हाय ते." म्हटलं, "मग लेकराचा चीक राखेत का टाकताय?" ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या बाळंतपणाला तिनेच नाळ कापायच्या आधी पोर आईच्या छातीवर ठेवलं, आणि मला हाक मारून दाखवलं.

हे एका दिवसात झालं नाही. वस्तीवस्तीला असाच एकेक गोठा शोधावा लागला. पण झालं. पुढे आम्ही या बायांना सांगितलं, घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या, तिथं तुम्ही आणि बाळ सुखरूप राहाल. त्या आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रात ९०.३ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ९४.७ टक्के. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे.

आता त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं: चौथ्या फेरीत ५७.५ टक्के, पाचव्या फेरीत ५३.२ टक्के. दवाखान्यात येणाऱ्या आया वाढल्या आणि पहिल्या तासात पाजली जाणारी बाळं कमी झाली. पाचव्या फेरीची आपल्या राज्यातली पाहणी कोरोनाच्या आधी, २०१९ मध्येच झाली, त्यामुळे त्या साथीवरही हे ढकलता येत नाही. जवळपास सगळी बाळं दवाखान्यात जन्मत असतील, तर तो तास दवाखान्याच्या चार भिंतींतच हरवतो आहे. चीक राखेत टाकणारी सुईण आता नाही. मग आता कोण टाकतं, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

माझ्या लेकीचं सांगते, कारण तिथं मी स्वतः हजर होते.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. सासरच्यांची इच्छा शहरातल्या खाजगी रुग्णालयात व्हावं अशी, माझीही हरकत नव्हती. बाळाचे ठोके मंद होऊ लागले म्हणून सिझर केलं. तो निर्णय योग्य होता, डॉक्टरांचे मी आजही आभार मानते. सकाळी १०.४० ला मुलगी झाली, वजन २ किलो ९०० ग्रॅम, रडणं खणखणीत. हिरव्या कापडात गुंडाळून सिस्टरने बाहेर आणली आणि जावयांच्या हातात चिठ्ठी दिली: डायपर, वाटी-चमचा, आणि पावडरचा डबा, कंपनीच्या नावासकट. "खालच्या मेडिकलमधून आणा." मी म्हटलं, "ताई, बाळाला आईजवळ न्या, पाठीत भूल दिली आहे, ती जागी आहे, मी बाहेरून सांगते कसं धरायचं." उत्तर आलं, "आत्ता नाही. आईला अजून बाहेर काढलेलं नाही. बाळ उपाशी ठेवायचं का?" विहीणबाई घाबरल्या. डबा आला. ३० मिली पावडरचं दूध चमच्याने त्या चिमुरडीच्या पोटात गेलं, जिला पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक पुरला असता. ३२ वर्षं मी लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं ते माझ्या नातीला माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी तो डबा हातात धरून उभी होते.

लेक दीड वाजता बाहेर आली. टाके ओले आहेत, सरळ पडून राहा, असं सांगितलं गेलं. संध्याकाळी बाळ पावडरच्या भराने गाढ झोपलेलं. रात्री पुन्हा चमचा. अंगावर पहिल्यांदा घेतलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता, म्हणजे १९ तासांनी. तोवर बाळाची ती पहिल्या तासातली जाग निघून गेली होती. जन्मल्यावर साधारण तासभर बाळ टक्क जागं असतं, वास घेतं, तोंड उघडून शोधतं. नंतर त्याला झोप लागते, आणि मग पाजणं अवघड होऊन बसतं. आमची छकुली स्तन तोंडात घेईना, रडून लाल व्हायची. लेकीच्या छातीला गाठी झाल्या, ताप आला. मी स्टीलच्या वाटीत चीक पिळत बसायचे. घट्ट, हळदीसारखा पिवळा, तळाला पाच-सहा थेंब. ते थेंब चमच्याने पाजायचे आणि पुन्हा छातीशी लावून बघायचे. पाचव्या दिवशी पहाटे तिने नीट धरलं. गिळण्याचा आवाज ऐकू आला तेव्हा आम्ही दोघी रडलो.

मला हे काम येत होतं म्हणून जमलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीजवळ तिची आई होती, शेतमजुरी करणारी. तिला कुणी काही दाखवलं नाही. पोरीला दूधच नाही, असं तिसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं गेलं आणि डबा चालू राहिला. त्या डब्याला त्या बाईची दीड-दोन दिवसांची मजुरी लागते, आणि तो आठवडाभरही पुरत नाही. मग पावडर पातळ होते, बाटली येते, पाणी कुठलंही असतं. तिथून पुढं जुलाब लागलेली पोरं मी सलाइन लावून बसवली आहेत, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगायला नको.

मी पावडरच्या विरोधात नाही. आई अतिदक्षता विभागात असेल, आई नसेल, खरोखर वैद्यकीय कारण असेल, तर ती लागते आणि तिने जीव वाचतात. ज्या आयांना जमलं नाही त्यांच्यावर तर माझा काडीचाही राग नाही. त्यांना आधीच घरात नको तेवढं ऐकून घ्यावं लागतं. माझी तक्रार आहे ती ज्यांच्या हातात पहिला तास असतो त्यांच्याबद्दल.

सिझर झालं म्हणून पाजता येत नाही, ही सर्वांत मोठी सबब आहे. महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझेरियनचं प्रमाण त्या दोन फेऱ्यांत ३३ टक्क्यांवरून ३९ वर गेलं. हे आणखी वाढणार हे मला दिसतं आहे. तेलंगणात पाचव्या फेरीत दर पाच बाळंतपणांतली तीन सिझेरियनने झाली होती आणि पहिल्या तासात पाजली जाणारी बाळं ४० टक्क्यांच्याही खाली होती. शेजारच्या गुजरातमध्ये हाच पहिल्या तासाचा आकडा ५० वरून ३८ च्या आसपास उतरला. उत्तर प्रदेशात तो जेमतेम २४ होता, आणि त्यामानाने आपण बरे, असं मला बैठकीत कुणी सांगितलं की वाईट वाटतं. आपण खाली निघालो आहोत, तर कुणाच्या वर आहोत याचं काय करायचं? पाठीत भूल दिलेली आई पूर्ण शुद्धीत असते. टाके घालणं चालू असताना बाळ तिच्या छातीशी देता येतं, एक सिस्टर फक्त धरायला लागते. जिथं डॉक्टरांनी मनावर घेतलं तिथं हे होतं.

ती एक सिस्टर कुठून आणायची, हा दुसरा मुद्दा, आणि इथं मी सरकारी दवाखान्यांबद्दल बोलते आहे. रात्रपाळीला प्रसूती कक्षात एक सिस्टर, तिच्याकडे दोन-तीन बाया कळा देत असतात. बाळ झालं की ते पुसणं, नाळ, वजन, इंजेक्शन, टाके, फॉर्म, आणि लगेच पुढची. पाजायला बसवणं हे काम कुणाच्याच नावावर नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्तनपान वाढवण्यासाठी 'मां' कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आम्हाला प्रशिक्षण मिळालं, चांगलं होतं. पण प्रशिक्षणाने हात वाढत नाहीत.

तिसरा मुद्दा सांगायला मला जड जातो, कारण त्यात मीही आहे. 'तासाभरात स्तनपान' ही नोंद सरकारी दवाखान्यांतून दर महिन्याला वर जाते. माहिती प्रणालीत तो रकाना आहे. तो कसा भरला जातो ते आम्हाला माहीत आहे: महिनाअखेरीला, ओळीने, होय, होय, होय. मीसुद्धा भरला आहे. म्हणून आपल्या टेबलावर येणाऱ्या अहवालात सगळं छान दिसतं, आणि सर्वेक्षणवाले जाऊन आईला विचारतात तेव्हा निम्म्या आया नाही म्हणतात. आपण आईचं खरं माना.

चौथा मुद्दा कायद्याचा. १९९२ चा अर्भक दूध पर्यायांचा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती. दोन वर्षांखालच्या मुलांच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, दवाखान्यात प्रचार करायचा नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी द्यायच्या नाहीत. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इतका स्पष्ट कायदा जगात थोड्याच देशांकडे असेल. तरी चिठ्ठीवर डब्याचं नाव येतं. माझ्या अख्ख्या नोकरीत या कायद्याखाली कुणी तपासणीला आल्याचं मला आठवत नाही.

आणि आता चांगलं काय झालं तेही सांगते, कारण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध मिळणारी बाळं महाराष्ट्रात ५६.६ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेली. देशाची सरासरी त्या वेळी ६३.७ होती. सर्वेक्षणात आदल्या चोवीस तासांत काय दिलं एवढंच विचारतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात गुटी, पाणी, बिस्किट सुरू होतं, हे खरं. तरी ही वाढ खोटी नाही. ती कुणी घडवली? आयांनी, त्यांच्या सासवांनी आणि आशांनी, म्हणजे गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांनी. आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. ही घरभेटींची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध करून दाखवली, मग देशाने उचलली. आशिया खंडातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. म्हणजे या कामात महाराष्ट्र मागे राहणारा नाही. घराघरांत आम्ही जिंकलो आहोत, दवाखान्यात हरतो आहोत.

सगळ्या घरांबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. दिवाळीनंतर आमच्या कराड-पाटण पट्ट्यात ऊसतोड टोळ्या येतात, बीडकडच्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, एक दिवस कामावर आलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. एका वर्षी जानेवारीत मी लसीकरणाला फडावर गेले. दहा-बारा दिवसांची ओली बाळंतीण मोळ्या बांधत होती. बाळ बैलगाडीच्या सावलीत, झोळीत, सांभाळायला पाच वर्षांची बहीण. आईचं पोलकं पुढून पूर्ण भिजलेलं. मी म्हटलं, "जा, पाज त्याला." ती म्हणाली, "गाडी भरू द्या बाई, मुकादम बगतोय." तिला दूध होतं, मन होतं, माहिती होती. वीस मिनिटं नव्हती. २०१७ ला प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ज्यांना मिळते त्यांना मिळो, पण या बाईला त्यातला एक दिवस मिळाला नाही. मराठवाड्यातली किती बाळं दर हंगामात अशी पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर असतात, याचा वेगळा हिशोब आपला विभाग ठेवतो का? आई गावच्या यादीतून निघते आणि आमच्या यादीत तिचं नाव नसतं. ती तेवढे पाच महिने कुणाचीच नसते.

एसटी स्थानकावर बाळाला पाजण्यासाठी असलेल्या हिरकणी कक्षाबद्दल थोडंच लिहिते. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव आपण त्या खोलीला दिलं. मागच्या महिन्यात नातीला घेऊन एका एसटी स्थानकावर ती खोली शोधली. कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेले होते, आणि काचेतून आत झाडू, फुटक्या खुर्च्या, निवडणुकीचे जुने फलक दिसत होते. लेकीने पदर घेऊन बाकावर, माणसांच्या गर्दीकडे पाठ करून पाजलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि पहिली सोडली तर कुठलीच नवी नाही.

आशाच्या घरभेटीच्या फॉर्मवर 'बाळाला पहिल्यांदा केव्हा पाजलं' आणि 'पहिल्यांदा काय दिलं' हे आधीच विचारलं जातं. ते उत्तर आईच्या तोंडचं असतं. ती उत्तरं बाळ ज्या दवाखान्यात जन्मलं त्या दवाखान्याच्या नावापुढे लावा, सरकारी आणि खाजगी दोन्ही, आणि दर तीन महिन्यांनी जिल्ह्याची यादी जाहीर करा. प्रसूतीच्या नोंदवहीत होय-नाही काढून टाका, घड्याळातली वेळ लिहायला लावा. नवा खर्च जवळजवळ नाही.

जिथं जास्त बाळंतपणं होतात त्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात तिन्ही पाळ्यांत पाजायला मदत करणारी एक प्रशिक्षित बाई हवी, तिच्याकडे दुसरं काम नको. निवृत्त नर्सेस, अनुभवी आशा यांना मानधनावर घ्या. मी येईन.

खाजगी प्रसूतिगृहांची नोंदणी आणि नूतनीकरण आपल्याच यंत्रणेकडे होतं. सिझरनंतर आई शुद्धीत असेल तर बाळ तासाभरात तिच्याजवळ देण्याची लेखी पद्धत असल्याशिवाय नूतनीकरण करू नका. पावडर द्यायची तर वैद्यकीय कारण केसपेपरवर लिहून, आईची सही घेऊन द्यावी. कंपनीचं नाव असलेली चिठ्ठी सापडली तर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी, आणि तक्रार कुणाकडे करायची ते प्रत्येक प्रसूती कक्षाबाहेर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावं.

ऊसतोड टोळीतल्या गरोदर आणि स्तनदा आयांची नोंद साखर कारखाना सुरू होतानाच व्हावी. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिच्या नावाचा खाडा कापला जाऊ नये, आणि फडाजवळ सावलीची जागा व सांभाळणारी बाई कारखान्याने द्यावी. त्यासाठी आपल्याला कामगार, सहकार आणि महिला-बालविकास या खात्यांशी बसावं लागेल. आपण बसावं ही विनंती.

हिरकणी कक्षाची किल्ली तिकीट खिडकीवर ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं की तासाभरात पाजलेल्या बाळांच्या तुलनेत दोन ते तेवीस तासांनी पाजलेल्या बाळांना मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त असतो. माझी नात १९ तासांवाली. ती आता आठ महिन्यांची आहे, सुखरूप आहे, नाचणीची खीर खाते आणि वर आईचं दूध पिते. शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मला पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल. आमच्या उपकेंद्रात माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. नोंदवही बदलून वेळेचा रकाना छापून आला, तर त्या दिवशी ती मला फोन करील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. पाटण, जि. सातारा